वन्संच्या खिडकीतलं डाळिंब

वन्संना कशाची भीती वाटत नाही तेवढंच सांगितलेलं बरं, कारण ते लवकर संपतं. रक्ताची वाटत नाही, फुटक्या काचेची वाटत नाही आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या डॉक्टरांची वाटत नाही. बाकी सगळ्याची वाटते. कामावर निघाल्या की गॅस बंद आहे का हे बघायला दारातून परत येतात. बघून जातात आणि मघाशी आपण नीट बघितलं का, हे बघायला पुन्हा येतात. कुत्रा झोपलेला असला तरी पलीकडच्या कडेने जातात. "झोपलेलंच उठतं," म्हणतात.

आमच्या ह्यांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. त्याचीही भीतीच वाटली असणार, असं हे चिडवतात. त्यावर वन्सं शांतपणे म्हणतात, "भीती कसली. तुला बघत मोठी झाले, तेवढं पुरलं."

रक्त-लघवी तपासतात अशा प्रयोगशाळेत त्या काचसामान धुतात. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा बघितलं. मागच्या बाजूला लांबट खोली, दगडी ओटा, तीन नळ आणि ओळीने टांगलेले बारीक-जाड ब्रश. धुतलेली प्रत्येक नळी उजेडासमोर धरून बघायची आणि मगच जाळीत उभी करायची. ओट्यावर, फळीवर, जाळ्यांखाली सगळीकडे काळं, मऊ, स्पंजासारखं रबर अंथरलेलं. "काच पडून फुटते असं लोकांना वाटतं. ती आधी घसरते," हे त्यांचं नेहमीचं सांगणं. त्या रबराचे तुकडे उरले की पर्समधून घरी येतात. आमचा रेडिओ रबरावर, घड्याळ रबरावर, पिठाचा डबा रबरावर. माझी जपमाळ ज्या वाटीत असते तिच्याखालीसुद्धा एक गोल तुकडा आहे. देवाचं नाव घेताना वाटी हलत नाही, हे मात्र खरं.

अशा बाईकडे वरच्या मजल्यावरच्या टर्नर काकांनी आपलं झाड ठेवायला दिलं, ही मुळात नवलाची गोष्ट.

काकांचं सगळं आयुष्य लेथ मशीनपुढे गेलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगी दुसऱ्या शहरात असते. घरात काका आणि ते डाळिंबाचं बोन्साय, एवढाच संसार. झाड गुडघ्याएवढंही नाही, पण मुलीपेक्षा वयाने मोठं. पिळलेल्या टॉवेलसारखं खोड आणि ताटलीसारखी उथळ निळी कुंडी. कुंडी काकूंनी निवडलेली. डावीकडे झुकलेली लांब फांदीही काकूंनीच तार गुंडाळून वळवलेली, आणि फुलं नेमकी तिच्यावरच येतात.

काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ते तयार होईनात. मुलगी रडून दमली. शेवटी एका संध्याकाळी कुंडी घेऊन ते आमच्या दारात आले आणि वन्संना म्हणाले, "ताई, बेफिकीर माणसाच्या हातून झाड मरतं. तुम्ही घाबरता, म्हणून तुमच्याकडे देतोय. डाळिंबाला फुलं येतील तेव्हा मी परत येईन." दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्याच्या कागदावर सही केली. मुलीनेच हे आम्हाला नंतर सांगितलं आणि ते ऐकून वन्संच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे आता झाडाला काही झालं तर ते नुसतं झाडाला होणार नव्हतं.

ऑपरेशन होऊन काका मुलीकडे राहिले होते आणि इकडे थंडीभर झाड नुसत्या काटक्या होऊन उभं होतं. काकांनी जाताना शिकवून ठेवलं होतं की शंका आली तर साल नखाने किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. वन्संनी इतकं खरवडलं की मला त्यांचा हात धरावा लागला. "अहो, असं रोज कुणी मला खरवडलं तर मी पण मरेन," मी म्हटलं.

कुंडी त्यांच्या खोलीच्या खिडकीत होती, कारण ऊन तिथेच येतं. खाली गल्ली, माणसांची ये-जा. कुंडीचे चार पाय अगदी इवले, खिडकीच्या कट्ट्यावर ती जराशी डुगडुगायची. कुणाच्या डोक्यात पडली तर, या विचाराने वन्संनी पहिले काही दिवस खिडकीशीच काढले. मग त्यांची त्यांनी काहीतरी सोय केली आणि डुगडुगणं थांबलं. आम्हालाही बरं वाटलं.

ऊन उबदार झालं तसे फांद्यांना कोंब फुटले आणि एका सकाळी वन्सं धावत स्वयंपाकघरात आल्या. चेहरा पांढराफटक. "अगं, पानं लाल येतायत." खरंच, टाचणीच्या डोक्याएवढी पानं तांब्यासारखी लाल होती. हे म्हणाले, "रक्त काढ त्याचं. तुमच्याकडे फुकट तपासून देतील." वन्संनी त्यांच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. सरळ काकांना फोन लावला.

काका पलीकडे इतके हसले की खोकला आला. "ताई, तान्हं बाळ लालच असतं. होईल हिरवं. पिवळं पडलं तर आजार समजायचा."

मग फोन मुलीने घेतला आणि बाजूला जाऊन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण बाबांना असलं काही सांगत जाऊ नका. नुसतं हसले तर नाडी केवढी पळाली. डॉक्टरांनी सांगितलंय, आनंदाचा नको आणि दुःखाचा तर नकोच, कुठलाच धक्का नको."

तो रस्ता त्या दिवशी बंद झाला.

पानं हिरवी झाली, हे काकांचं बरोबर निघालं. चार दिवस घरात सण असल्यासारखं वाटलं. मग खालच्या फांदीवरचं एक पान पिवळं दिसलं. वन्संनी ते मला दाखवलं नाही. तोडून रुमालात गुंडाळून ठेवलं. पुढच्या दिवशी आणखी पिवळी झाली तेव्हा त्यांनी रुमाल माझ्यासमोर उघडला. "पिवळी," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर वन्सं जेवणाच्या ताटावर नुसत्या बसायच्या. पण हातावर हात ठेवून त्या बसल्या असं मात्र नाही. भीतीने माणसाचे हातपाय गळतात म्हणतात. वन्संचे हात उलट जास्त चालायला लागतात. प्रयोगशाळेतून भिंग आणलं. एकेक पान उलटं करून शिरा बघितल्या. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचक्या मारल्या, किडे असले तर कागदावर हलताना दिसतील म्हणून. कागदावर धूळ पडली, हललं काहीच नाही. पानांवर चिकटा नाही, जाळी नाही, डाग नाही. कडाही करपलेल्या नाहीत. पान अख्खं पिवळं, मऊ, हात लावला की देठासकट गळणारं. वरची पानं अजून हिरवी होती, पण तीसुद्धा उन्हातून दमून आलेल्या माणसासारखी मान टाकून.

"तहानलंय," हे म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. एवढी मान टाकलीय म्हणजे तहानच असणार. वन्संनी पाणी वाढवलं. सकाळी घालायच्या ते संध्याकाळीही घालू लागल्या. पानं आणखी लोंबली. मी जपाला बसले की त्या शेजारी येऊन बसायच्या आणि माझ्या बोटांमधल्या माळेकडे बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "तू त्याला सांग ना, माझं काय व्हायचं ते होऊ दे." मी म्हटलं, "वन्सं, देवाशी सौदा करू नये. मागायचं तर सरळ मागावं." पण रात्री रोजच्या वहीत दिवसाचं लिहिताना मीही तेच मागितलं, फक्त जरा मर्यादेने.

सगळ्यात वाईट म्हणजे काकांचा फोन यायचा. मुलीने आमचा फोन बंद केला होता, त्यांचा नव्हे. "कसं आहे आमचं पोर?" ते विचारायचे. वन्सं भिंतीला टेकून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "उभं आहे." हे खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर त्या तोंड धुवायला जायच्या आणि बराच वेळ नळ चालू राहायचा.

प्रयोगशाळेतल्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी पान दाखवलं. ते म्हणाले, "बाई, माझ्याकडे माणसाचं काहीतरी आणा. झाडाचं नर्सरीत विचारा."

नर्सरी बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे होती. मी बरोबर गेले, कारण अनोळखी बसची त्यांना भीती वाटते. वन्संनी पानं कशात आणली असतील? काचेच्या नळ्यांत. प्रत्येक नळीला बूच आणि वर चिठ्ठी: वरची फांदी, मधली, खालची डावी. नर्सरीवाली बाई हातातला चिखल झग्याला पुसत आली, नळ्या बघून म्हणाली, "कोण आजारी आहे, झाड का घरचं माणूस?"

"दोघंही," मी म्हटलं.

तिने खालच्या डावीचं बूच काढलं, पान बोटांत चुरडलं, हुंगलं. "किडा नाही हा. माती कशी आहे?"

"ओली," वन्सं म्हणाल्या. "मी कोरडी पडूच देत नाही."

"काडी खुपसून बघितलीत? आतूनही ओली?"

"आतूनही."

"पाणी घातल्यावर खालून निघतं ना?"

इथे वन्संचा चेहरा प्रथमच उजळला. कित्येक दिवसांनी त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी चांगलं होतं. "छे. एक थेंब सांडत नाही कट्ट्यावर. इतकं गुणी झाड आहे."

नळीला बूच लावून नर्सरीवालीने ती वन्संच्या हातात परत दिली, अगदी हळू. "ताई, कुंडीच्या तळाला भोकं असतात. त्यातून पाणी निघायलाच हवं. तळाशी काही ठेवलंय का तुम्ही?"

मी वन्संकडे बघितलं आणि मला समजलं. खिडकीतल्या डुगडुगण्याची त्यांनी काय सोय केली होती ते.

घरी आल्यावर आम्ही दोघींनी मिळून कुंडी उचलली. ती रबरासकट वर आली. चारही इवले पाय मऊ रबरात रुतले होते आणि तळ त्यावर घट्ट बसला होता. शिवाय मधे दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावलेली. मी ओढलं तेव्हा चर्र आवाज झाला आणि काळं पाणी माझ्या पायांवर सांडलं. खोलीभर वास सुटला, फुलदाणीतलं पाणी विसरलं की सुटतो तसा. वन्सं फरशीवर बसल्या.

नर्सरीवालीने पुढचं सांगून ठेवलं होतं. झाड पाण्याने मरायला टेकलं तरी ते तहानल्यासारखंच दिसतं, कारण कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड बाहेर काढायचं, कुजकं कापायचं, जाड खडीच्या कोरड्या मिश्रणात बसवायचं. मिश्रणाची पिशवी तिने दिलीही. पण स्वतः हात लावायला ती तयार नव्हती. "जुन्या पिळाच्या डाळिंबाचं एकेक मूळ एकेका फांदीला पोसतं. चुकीचं कापलं तर चांगली फांदी जाईल. ज्याने वाढवलं त्याला विचारा. आणि उद्यावर टाकू नका."

हे कामावरून आले तोवर आम्ही तशाच बसलो होतो. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, तू फोन करू नकोस. मरू दे ते. तसलंच दुसरं आणू, त्याच कुंडीत लावू."

"त्यांना एकेक फांदी पाठ आहे."

"मग येईपर्यंत सांगायचंच नाही. माणूस आधी का झाड आधी?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. काकांना सांगितलं आणि त्यांच्या छातीत काही झालं तर आयुष्यभर या घराला ते पुरणार होतं. न सांगावं तर, ज्या भरवशावर तो माणूस टेबलावर आडवा झाला, तो भरवसा खिडकीत कुजत होता. मी म्हटलं, "आधी मुलीला सांगू. ती म्हणेल तसं."

आम्ही व्हिडिओ कॉल लावला आणि मुलीनेच उचलला. मी बोलत होते. ती ऐकत होती आणि मधेच पलीकडून काकांचा आवाज आला, "कोण आहे? झाडाचं आहे ना? दे इकडे." मुलगी म्हणाली, "बाबा, नाही." मग झटापटीसारखं काहीतरी झालं आणि पडद्यावर काकांचा चेहरा आला. वाळला होता. शर्टाच्या गळ्यातून टाक्यांची रेघ दिसत होती.

वन्संनी फोन माझ्या हातून घेतला. मला वाटलं होतं त्या मला पुढे करतील. "काका, पानं पिवळी पडली," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे. मी खाली रबर लावलं. भोकं बंद झाली."

काका पडद्याजवळ सरकले. मुलीचा हात त्यांच्या मनगटावर आलेला दिसला.

"कसलं रबर?" त्यांनी विचारलं.

"काचेखाली घालतो ते. मऊ."

"चिकटवलंत?"

"हो."

"सपाट बसलं होतं? कुठे फट?"

"नव्हती."

"तुम्ही केलंय म्हणजे नसणारच," काका म्हणाले. "मशीनवर सुद्धा पॅकिंग इतकं घट्ट बसत नाही हो. आता रडू नका. हात ओले झाले की कात्री निसटते. झाड काढा बाहेर, मला मुळं दाखवा."

मी फोन धरला, ह्यांनी बॅटरीचा उजेड धरला. वन्संनी झाड बादलीतल्या पाण्यात बुडवून माती धुतली, नळ्या धुतात तशी, फिरवत फिरवत. उजव्या बाजूची मुळं फिकट आणि टणक होती. डावीकडची बोटात घेतली की साल सुटून दोरा उरायचा. काका सांगत होते, "थोडं थोडं घ्या. एकदम जास्त घेतलं की परत लावता येत नाही. पांढरं लागलं की थांबा." वन्सं कापत होत्या, थांबत होत्या, दाखवत होत्या. त्यांचा हात अजिबात हलत नव्हता.

डावीकडचं जाड मूळ पांढरं लागायचं नावच घेईना. कापत कापत त्या खोडाशी येऊन थांबल्या.

"हे कुठल्या फांदीचं?" त्यांनी विचारलं, पण त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

काकांनी मान दुसरीकडे वळवली. मुलगी म्हणाली, "बाबा, बास आता. मी फोन ठेवते."

"राहू दे," ते म्हणाले. मग आमच्याकडे बघून, "मूळ गेलं म्हणजे फांदी जाणारच. ठेवली तर बाकीच्यालाही ओढून नेईल. दोन्ही कापा, ताई. फांदी खोडाला लागून कापा, खुंट ठेवू नका."

वन्संनी कात्री लावली. ती फांदी माझ्या पायाशी पडली. तिच्यावर तार गुंडाळल्याचे जुने वळ अजून होते. आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

मी पुन्हा फोन लावला. लागला नाही. ह्यांनी आपल्या फोनवरून लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. वन्सं हातात कात्री घेऊन उभ्या होत्या आणि ओठ हलत होते. ती बाई माझ्याबरोबर इतके दिवस जपाला बसली पण कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं. आता घेत होती, आणि मी घेऊ शकत नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते मनगट होतं. हे खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

फोन आला तेव्हा तिघांनी एकदम हात घातला. मुलगी बोलत होती. "बॅटरी संपली होती हो. बाबांना गोळी देऊन निजवलंय. नाडी बरी आहे." मग, "रडले. आईच्या वेळेला रडले नव्हते." आणि परत, "विचारत होते, लगेच पाणी घातलं नाही ना?"

"नाही," वन्सं म्हणाल्या आणि खाली बसल्या.

झाड खडीच्या मिश्रणात बसवलं, पण राहिलेली पानंही गळाली. झाड पुन्हा काटक्यांचं झालं, तेही अर्ध्या. नर्सरीवालीने बजावलं होतं, सावलीत ठेवा आणि हात लावू नका. वन्सं खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायच्या, कारण आत असल्या तर खरवडतील अशी त्यांची त्यांनाच भीती. फुलांचे दिवस आले आणि गेले. खिडकीत फूल नव्हतं आणि वरच्या मजल्यावर काका नव्हते. बऱ्याच उशिरा, उन्हाळा चढला तेव्हा, उजव्या बाजूला लाल ठिपके दिसले. वन्संनी मला हाक मारली, मग ह्यांना. तिघांनी बघितलं तरी त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. हिरवे होईपर्यंत थांबल्या.

काका परतले तेव्हा वन्सं झाड घेऊन वर गेल्या. मी सोबतीला. काकांनी दार उघडलं, कुंडी टेबलावर ठेवायला सांगितली आणि डावीकडच्या कापाच्या जागेवरून अंगठा फिरवला. सुतारासारखा नाही, टर्नरसारखा, कुठे खरबरीत लागतंय का ते बघत. "गुळगुळीत घेतलंत," म्हणाले. मग बराच वेळ त्या रिकाम्या बाजूकडे बघत बसले. वन्संनी ओढणीचं टोक बोटाला इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं.

"येते मी, काका," त्या शेवटी म्हणाल्या.

"हे घेऊन जा."

"काय?"

"मला अजून भांडंभर पाणी उचलायची परवानगी नाही. आणि त्याची नवी मुळं कुठे आहेत ते आता तुम्हाला माहीत आहे, मला नाही."

"नको," वन्सं म्हणाल्या. "काका, नको हो. पुन्हा काही झालं तर?"

"तर पुन्हा फोन करा. मुलीला मी सांगितलंय."

वन्संनी दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता पळतील. मग त्यांनी पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली, कुंडी दोन्ही हातांनी तळाखालून धरली आणि उचलली. जिन्यापाशी येऊन मात्र पाय थांबले. पायऱ्या उतरायच्या होत्या आणि हात मोकळे नव्हते.

"तू पुढे हो," त्या मला म्हणाल्या. "माझ्याकडे तोंड करून उतर. आणि बोलू नकोस."

मी कठड्याला धरून उलटी एकेक पायरी उतरत राहिले. त्या झाडाच्या वरून माझ्या चेहऱ्याकडे बघत, एकेक पाऊल टाकत खाली आल्या.